मदत हवी आहे: टंगस्टन टाइल टेस्टचं व्हॅक्यूम चेंबर 2×10⁻⁵ मिलिबारवरच अडकलंय

प्रश्न
टोकामॅकच्या (फ्यूजन यंत्राच्या) डायव्हर्टरसाठीच्या, म्हणजे उष्णता आणि कचरा झेलणाऱ्या भागासाठीच्या, टंगस्टन टाइल इलेक्ट्रॉन बीमखाली तापवायच्या आहेत. टाइल तांब्याच्या ब्लॉकवर ब्रेझ केली आहे (वितळवलेल्या मिश्रधातूने जोडली आहे), ब्लॉकमधून थंड करणाऱ्या पाण्याची नळी जाते. चेंबर स्टेनलेस स्टील 304एल, व्यास 300 मिमी, लांबी 500. दरवाज्याला व्हायटॉन (रबर) ओ-रिंग, बाकी धातूच्या गॅस्केटचे सीएफ फ्लँज. टर्बो पंप 300 लिटर/सेकंद, त्याच्या मागे रोटरी पंप. 12 तासांनंतरही दाब 2×10⁻⁵ मिलिबार. 10⁻⁶ तरी हवं. चेंबर 150 अंशांवर बेक करू का, म्हणजे तापवून भिंतींतला वायू काढू का?

उत्तर 1
आधी होल्डरचे स्क्रू बघा. आंधळ्या भोकात एम6 आवळला की तळाशी हवा कोंडते आणि आट्यांतून हळूहळू झिरपते. मधून भोक पाडलेले स्क्रू लावा. वेल्डही तपासा: आतून सलग, बाहेरून तुटक हवी.

उत्तर 2
स्क्रू बदलाच, पण रोग तो नाही. एल्बो आणि गेट व्हॉल्व्ह धरून पंपाचा खरा वेग 200 लिटर/सेकंद समजा. म्हणजे 4×10⁻³ मिलिबार-लिटर वायू दर सेकंदाला येतोय. बेक न केलेलं स्वच्छ स्टील 10 तासांनी चौरस सेंमीला त्याच एककात साधारण 3×10⁻¹⁰ वायू सोडतं. तुमचे 6,000 चौरस सेंमी धरले तरी जेमतेम 2×10⁻⁶. आणि या दराने 12 तासांत सुमारे 170 घनसेंमी हवा यायला हवी. स्क्रूखाली एवढी मावेल कुठे? पाणी धरलं तर मात्र तेवढ्याला 0.13 ग्रॅम पुरतं. माझा संशय ब्रेझवर: तिथून नळीतलं पाणी आत झिरपत असावं.

गेट व्हॉल्व्ह बंद करा. 35 लिटरच्या चेंबरमध्ये मिनिटात दाब 7×10⁻³ मिलिबारच्या आसपास चढायला हवा. फारच कमी चढला तर गेज (दाबमापक) किंवा पंप बघा. सरळ रेषेत चढला तर लीक, वाकून मंदावला तर पृष्ठभागातून सुटणारा वायू. मग पाणी काढा, नळी नायट्रोजनने सुकवा आणि दुसऱ्या रोटरी पंपाने ओढून तिच्यातही व्हॅक्यूम करा. नुसती रिकामी ठेवलीत तर पाण्याऐवजी हवा आत येईल, काही कळणार नाही. बेकिंग तोवर नको.

प्रश्नकर्ता
मिनिटाला 6×10⁻³, सरळ रेषेत. नळी ओढल्यावर तासाभरात चेंबरचा दाब 3×10⁻⁶.

उत्तर 2
मग ब्रेझच. आता चेंबरला लीक डिटेक्टर जोडून नळीत हेलियम भरा. बाहेरून फवारलंत तर दरवाज्याच्या व्हायटॉनमधूनही हेलियम झिरपतो, काही मिनिटांनी सिग्नल सावकाश चढतो. त्याला लीक समजू नका. दुरुस्तीनंतर ब्लॉक गरम असतानाही हीच चाचणी घ्या, थंडीत मिटलेली चीर तापल्यावर उघडते.