मदत हवी आहे: जुना पेट्रोल ट्रक जोतिबाच्या चढावर दम सोडतो (हरिकेन इंजिन, कार्बोरेटर)

नमस्कार मंडळी,

वडिलांनी घेतलेला फॉरवर्ड कंट्रोलचा (केबिन इंजिनाच्या वरच असलेला) पेट्रोल ट्रक आम्ही अजून चालता ठेवलाय. हरिकेन एफ-हेड इंजिन (एक वॉल्व हेडमध्ये, दुसरा ब्लॉकमध्ये), २१९९ सीसी, सिंगल बॅरल सोलेक्स कार्बोरेटर, इग्निशन पॉइंट-कंडेन्सरचं. चैत्र यात्रेला गावच्या अन्नछत्राची भांडी आणि शिधा याच ट्रकमधून डोंगरावर जातो. यंदा त्याच्या भरवशावर राहावं की नाही, हे ठरवायचंय.

लक्षणं नीट सांगतो. सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू होतो, आयडलिंग एकसारखं. कोल्हापुरातून केर्लीपर्यंत काहीच तक्रार नाही. चढाला लागल्यावर पहिली वळणं सेकंडमध्ये छान ओढतो आणि मग एकदम ताकद जाते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गचके देतो, कार्बोरेटरमधून फट्‌ फट्‌ असा उलटा बार येतो. चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी झडप) निम्मा ओढला की लगेच सुधारतो, पण थोडाच वेळ. कडेला घेऊन जरा उभा ठेवला की पुन्हा काही झालंच नाही असा ओढायला लागतो. मागे ओझं नसतानाही हेच.

आतापर्यंत झालेलं काम: प्लग नवीन, गॅप ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ). पॉइंट २० थाऊ, कंडेन्सर बदलला. टायमिंग आणि टॅपेट उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बघितलं. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला ११० ते ११५ पीएसआय, म्हणजे रिंगा-वॉल्व ठीक म्हणायला हरकत नाही. कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) फुंकून घेतले. चढावरून आल्या आल्या प्लग काढला तर पोर्सेलिन पांढरंफटक, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतंय एवढं नक्की.

सगळे म्हणतात, ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) दोष. त्यात तथ्य आहेच. साध्या पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा पट. जुना जेट तसाच ठेवला तर इंजिन लीन चालणार. पण मग केर्लीपर्यंत का चालतो? उंचीचं कारणही पटत नाही, कारण वर हवा विरळ झाली की कार्बोरेटरचं मिश्रण उलट रिच (पेट्रोल जास्त) होतं. मला पेट्रोल कमी पडत असल्याची शंका आहे. पंप, टाकी, नळी की फ्लोट, हे सगळं न उघडता कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

दादा, चोकनं सुधारतो म्हणजे इग्निशन सोडून द्या. कंडेन्सर तापून मरत असता तर चोक ओढून फरक पडला नसता.

ताकद गेली की त्याच जागी गाडी थांबवा, इंजिन बंद करा, लगेच केबिनमधलं इंजिनावरचं कव्हर उघडून एअर क्लीनर काढा. कार्बोरेटरच्या घशात बघत हातानं थ्रॉटल उघडा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाची (कार्बोरेटरमधलाच छोटा पंप) पेट्रोलची धार नीट आली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) पेट्रोल आहे, मग मेन जेटच्या मागे लागा. धार आली नाही तर चेंबर रिकामा पडतोय. इंजिन तापलेलं असतं, विडी-सिगारेट लांब ठेवा, तोंड घशावर नेऊ नका.

चेंबर रिकामा निघाला तर आधी टाकीचं झाकण सैल करून तोच चढ चढवा. हवेचं भोक बुजलं असेल तर तेवढ्यानंच कळेल. त्यानंतर टाकीपासून पंपापर्यंतची नळी. ही ओढीची बाजू, म्हणजे इथून पंप पेट्रोल खेचून घेतो. इथं रबर बारीक चिरलं तर पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही, हवा आत शिरते, आणि म्हणून ते कुणाला दिसत नाही. पंपाचा दाब शेवटी मोजा, या इंजिनाला अडीच ते पावणेचार पीएसआय पाहिजे.

धागाकर्ता:

मनापासून आभार. चढावर ताकद गेल्यावर बघितलं तर धार नाही, नुसते दोन थेंब. थोडं थांबून सेल्फ मारला आणि परत बघितलं तर धार व्यवस्थित. झाकण सैल करून फरक पडला नाही. टाकीकडची रबरी नळी काढली तर बाहेरून ठणठणीत, पण आतून फुगून मऊ झालेली, आणि क्लिपच्या खाली बोट फिरवल्यावर चीर लागली. बोटानं दाबली की आतलं रबर पापुद्र्यासारखं सुटतंय, ते तुकडे पंपाच्या जाळीतही सापडले.

इथेनॉल चालेल अशी नळी आणलीय, उद्या बसवतो. आता पंपाचा डायफ्रामही (आतला रबरी पडदा) त्याच वयाचा आहे. या पंपाचा इथेनॉल सोसणारा डायफ्राम किट कोल्हापुरात किंवा सांगलीत कुणाला मिळालाय का? आणि ई२०साठी मेन जेट कुणी एक नंबर मोठा टाकला असेल तर प्लगचा रंग कसा आला, तेही सांगा.