मदत हवी आहे: इशा (रात्रीची नमाज) ते फजर (पहाटेची नमाज) झोप पुरत नाही

सलाम आणि नमस्कार मंडळी. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानात कामाला आहे. वय ३८. दुकान साडेनऊला बंद होतं, ती वेळ माझ्या हातात नाही. जेवण सव्वादहाला, पाठ टेकायला साडेअकरा. आता मे महिन्यात फजरची वेळ साडेचारच्या आसपास सुरू होते, म्हणजे जेमतेम पाच तास. नमाजनंतर पुन्हा आडवा होतो, पण सातला उठलो की डोकं जड.

करून पाहिलेलं: दुपारी चारनंतर चहा बंद (दुकानात हे सोपं नाही, दर गिऱ्हाइकामागे कटिंग येतो). मोबाइल बाहेरच्या खोलीत. वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करून उजव्या कुशीवर झोपतो, आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत म्हणतो, मग ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. याने मन शांत होतं, झोप पटकन लागते. म्हणजे अडचण झोप लागण्याची नाही, तासांची आहे. वर स्लॅब रात्री एकपर्यंत तापलेला, कूलर आहे.

डॉक्टरांना दाखवलंय, बीपी, थायरॉइड ठीक, घोरत नाही. गोळ्या नकोत. फजर सोडायचा सल्लाही नको.

दुपारी दोन ते चार दुकानात शुकशुकाट असतो, मालक अर्धा तास कैलुल्याला (दुपारच्या डुलकीला) हो म्हणतात. तुमच्यापैकी जे वर्षानुवर्षं फजरला उठतात त्यांना विचारतो: फजरनंतरची झोप पूर्ण बंद करून फक्त दुपारची ठेवली तर अंग किती दिवसांत सरावतं, आणि दुपारी नेमकी किती मिनिटं झोपलं की उठल्यावर जडपणा येत नाही?