मदत हवी आहे: नळाच्या पाण्यात आर्सेनिक, आम्हाला नोटीसच नाही, नवाहो नेशनमध्ये दाद कुणाकडे मागायची?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही ॲरिझोनाच्या बाजूला नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन ट्राइबच्या (जमातीच्या) स्वशासित प्रदेशात राहतो, नवरा इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, घर भाड्याचं, पाण्याचं बिल आमच्याच नावावर. बाळ लहान आहे आणि वरचं दूध पावडरचं, म्हणून जास्त टेन्शन.

शेजारच्या आजींकडे गेले होते तर त्यांच्या फ्रीजवर मॅग्नेटखाली एक कागद लावलेला दिसला. वर मोठ्या अक्षरात पिण्याच्या पाण्याबद्दल महत्त्वाची माहिती, खाली आर्सेनिकची सरासरी 14 मायक्रोग्रॅम प्रति लिटर, मर्यादा 10. मग लिहिलंय की ही इमर्जन्सी नाही, असती तर 24 तासांत कळवलं असतं, दुसरं पाणी वापरायची गरज नाही. आणि त्याच्याच खाली की असं पाणी बरीच वर्षं प्यायलं तर त्वचेचे आणि रक्ताभिसरणाचे त्रास होऊ शकतात, कॅन्सरचा धोका वाढू शकतो. आता यातलं कुठलं वाक्य धरायचं? कागदावरची तारीख आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीची आहे. आम्हाला ना पाणी पुरवणाऱ्यांनी काही सांगितलं ना घरमालकाने.

राज्याच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले ते आमच्या हद्दीत येत नाही. नीट बोलले, पण पुढे कुणाला विचारू ते काही सांगितलं नाही. आई तिकडून रोज फोनवर सांगतेय उकळून गाळून दे, तुरटी फिरव. प्लीज कुणाला माहिती असेल तर सांगा, नियम लावायचा अधिकार इथे नक्की कुणाचा आहे, आम्हाला नोटीस मिळायला हवी होती की नाही, आणि तोपर्यंत बाळाला काय पाणी द्यायचं.

मी_सोलापूरकर:
ताई सगळ्यात आधी, उकळू नका!! म्हणजे जंतूंसाठी उकळणं ठीक, पण आर्सेनिक उकळून जात नाही, पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक उरलेल्या पाण्यात राहतं, म्हणजे प्रमाण उलट थोडं वाढतंच. तुरटीचंही घरी अंदाजाने काही करू नका. बाळाची पावडर उद्यापासून बाटलीच्या पाण्यात कालवा. भात, वरण, चहा यालाही तेच पाणी, कारण शिजताना भात डाळ पाणी शोषून घेतात. अंघोळ, कपडे, भांडी नळाच्या पाण्यात चालतील, एवढ्या प्रमाणात त्वचेतून फारसं जात नाही. तरी बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

काळवीट:
रानजाई, राज्याने तुम्हाला टाळलं असं नाहीये, त्यांचा खरंच अधिकार नाही. आम्ही मोंटानात आहोत, बाजूलाच एका ट्राइबचं रिझर्व्हेशन (राखीव प्रदेश) आहे, तिथेही पाण्याचं राज्य बघत नाही, फेडरल ईपीए (केंद्र सरकारची पर्यावरण संस्था) थेट बघते. मला वाटतं तुमच्याकडेही तसंच असेल, त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसला फोन करा.

पाणपोई:
काळवीट, मोंटानाचं बरोबर आहे पण नवाहो नेशनचं वेगळं आहे. मी न्यू मेक्सिकोत पाण्याच्याच क्षेत्रात काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

पिण्याच्या पाण्याचा फेडरल कायदा 1974 चा. त्यात अंमलबजावणी राज्यांकडे सोपवायची सोय होती, ट्राइब्जचा विचार नव्हता. 1986 च्या दुरुस्तीने ती वाट उघडली, ट्राइबने अर्ज करायचा, फेडरल मान्यता असलेली ट्राइब हवी, स्वतःचं चालतं सरकार हवं, त्या जागेवर अधिकार हवा आणि काम पेलायची क्षमता हवी, मग ईपीए त्यांना राज्यासारखं वागवू शकते. पण कार्यक्रम हातात घ्यायचा तर स्वतःचे नियम हवेत आणि ते फेडरलपेक्षा सैल चालत नाहीत, इन्स्पेक्टर हवेत, दंड करायची ताकद हवी, सर्टिफाइड लॅबची सोय हवी. नवाहो नेशनने हे सगळं उभं केलं आणि 2000 साली त्यांना तो अधिकार मिळाला. सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर देखरेखीचा हा अधिकार मिळवलेली ती एकमेव ट्राइब आहे. बाकी ठिकाणी काळवीट म्हणतात तसं, ईपीए स्वतः बघते.

म्हणजे तुमचा रेग्युलेटर नवाहो नेशनची स्वतःची ईपीए, मुख्य ऑफिस विंडो रॉकला, त्यांचा सार्वजनिक पाणीपुरवठा देखरेख विभाग मागा. सॅन फ्रान्सिस्कोची फेडरल ईपीए त्यांच्यावर लक्ष ठेवते, पण पहिला फोन तिकडे करू नका. हे मी मुद्दाम सांगतोय, ज्या लोकांनी इतकी वर्षं खपून हा अधिकार मिळवलाय त्यांना वगळून थेट वॉशिंग्टनकडे धावलं की काम तर अडतंच, वर तुम्ही ज्यांच्यात राहताय त्यांचा मानही राहत नाही. आणि एक घोळ करू नका, पाणी पुरवणारे वेगळे आणि रेग्युलेटर वेगळे. नोटीस काढणं हे पुरवणाऱ्यांचं काम, ती निघाली की नाही हे बघणं रेग्युलेटरचं.

आता नोटीस. तीन पायऱ्या आहेत. ई. कोलाय, नायट्रेट असं तात्काळ धोक्याचं असेल तर 24 तासांत. आर्सेनिकसारखं, ज्याचा त्रास वर्षानुवर्षं प्यायल्याने होतो, ते 30 दिवसांत, आणि जोपर्यंत मर्यादेवर आहे तोपर्यंत साधारण दर 3 महिन्यांनी परत. तपासणीच चुकवली वगैरे असेल तर वर्षभरात. तुमच्या कागदावरचं ते इमर्जन्सी नाही वालं वाक्य दुसऱ्या पायरीचं ठरलेलं वाक्य आहे. त्याचा अर्थ आज प्यायलात म्हणून उद्या काही होणार नाही, एवढाच. खाली लिहिलेला धोका खोटा ठरत नाही. बाळासाठी तुम्ही जास्त काळजी घेताय ते योग्यच.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा नियम हा: मर्यादाभंग चालू असताना नवीन ग्राहक आला तर पाणी सुरू होण्याआधी किंवा सुरू होताना सगळ्यात अलीकडची नोटीस त्याला द्यावीच लागते. बिल तुमच्या नावावर आहे म्हणजे तुम्ही नवीन ग्राहक. नुसता चॅप्टर हाउसच्या (चॅप्टर म्हणजे इथली गावपातळीची स्थानिक संस्था) बोर्डावर कागद डकवलाय असं कुणी म्हणालं तरी एरवी ते पुरत नाही, वसाहतीच्या पुरवठ्याला टपालाने किंवा हातात देणं अपेक्षित आहे, आणि ज्यांच्यापर्यंत त्याने पोचत नाही त्यांच्यासाठी वेगळा मार्गही काढायचा असतो.

रानजाई:
पाणपोई, किती धन्यवाद देऊ, पहिल्यांदा नीट कळलं. सोलापूरकर, बाटल्या आणल्या आणि आईलाही समजावलं.

अजून एक विचारते, हे माझ्यापुरतं नाहीये. आजींना इंग्रजी वाचता येत नाही. नातवाने कागद फ्रीजवर लावला म्हणून तो तिथे आहे, त्यात काय आहे हे त्यांना मी बोटाने आकडे दाखवेपर्यंत माहीत नव्हतं, तेही नातू आल्यावर त्याने नवाहोत समजावलं. त्यांची बहीण लांब राहते, तिच्या घरी नळच नाही, तिच्यासाठी पिकअपमध्ये मोठी पिंपं भरून नेतात, कधी इथल्या नळाचं, कधी वाटेतल्या पवनचक्कीच्या विहिरीचं. आता मला भीती वाटतेय की नळाचं वाईट ऐकून त्या विहिरीचंच जास्त नेतील.

पाणपोई:
तुमची भीती अगदी बरोबर आहे, हे आजच सांगा त्यांना. पवनचक्कीच्या विहिरी बहुतेक गुराढोरांसाठी आहेत, त्या या कायद्याखाली येतच नाहीत. सार्वजनिक पुरवठा म्हणजे किमान 15 जोडण्या किंवा वर्षातले निदान 60 दिवस 25 माणसं. त्याच्या खाली नियमित तपासणी नाही, नोटीस नाही, काही नाही. 1944 ते 1986 मध्ये नवाहो जमिनीतून सुमारे 3 कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं आणि 500 च्या वर खाणी तशाच टाकून कंपन्या गेल्या. सगळ्याच विहिरी खराब नाहीत, पण काहींत युरेनियम आणि आर्सेनिक मर्यादेच्या वर सापडलंय आणि चवीला वासाला काही कळत नाही. नळाच्या पाण्याचा आकडा निदान मोजलेला आहे. त्यामुळे पिंपं भरायची तर देखरेखीखालच्या पाणी भरायच्या ठिकाणाहूनच, आणि अशी ठिकाणं कुठली ते चॅप्टरमध्ये किंवा त्याच विभागात विचारा.

भाषेचं. नियमातच आहे की जिथे इंग्रजी न येणारे लोक मोठ्या संख्येने आहेत तिथे नोटिशीत त्या भाषेत माहिती हवी, किंवा भाषांतर, मदत कुठे मिळेल ते तरी हवं. वयस्कर लोक कागदापेक्षा रेडिओ ऐकतात, विंडो रॉकचं 660 एएम नवाहोत चालतं, तिथून सांगितलेलं घरोघरी पोचतं. ही मागणी आजींच्या घरातूनच चॅप्टर मीटिंगला जाऊ द्या, नातवाला सांगा. तिथे आजी स्वतः उभ्या राहून बोलल्या तर त्याचं वजन तुमच्या माझ्या ईमेलपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मी_सोलापूरकर:
फिल्टरचं राहिलं. साधा कोळशाचा जग आर्सेनिकसाठी धरू नका. सिंकखालचा आरओ घ्या, त्यावर एनएसएफ 58 (आरओसाठीचं प्रमाणपत्र) आणि आर्सेनिकचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा. पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं, पाच-संयुजी आणि तीन-संयुजी; बहुतेक आरओ पाच-संयुजी काढतात, तीन-संयुजी नीट निघत नाही, पण पाण्यात क्लोरिन असेल तर ते पाच-संयुजी होतं, म्हणून तुमच्या पाण्यात क्लोरिन आहे ना ते विचारून घ्या. बसवल्यावर एकदा सर्टिफाइड लॅबमधून तपासा, त्याशिवाय बाळाला देऊ नका.

काळवीट:
माझं वरचं चुकीचं होतं, पाणपोईंचं धरा.

रानजाई:
ठीक. मग सोमवारी विंडो रॉकला फोन करते आणि हे मागते: शेवटच्या नोटिशीची प्रत, आर्सेनिकचे तिमाही आकडे, मर्यादेखाली आणायला काय काम चालू आहे आणि कधी होणार, आणि नवीन ग्राहकांना नोटीस का दिली गेली नाही. आजींच्या नातवाशी बोलले, तो चॅप्टर मीटिंगला यायला तयार आहे. विहिरीचंही सांगितलं, बहिणीला तो स्वतः जाऊन सांगणार आहे. फोनवर आमचा पुरवठा कुठला हे कसं सांगू? बिलावर नुसता ग्राहक क्रमांक आहे.

पाणपोई:
पुरवठ्याचा आयडी आजींच्या कागदावर खाली असेल, नवाहोच्या पुरवठ्यांचा एनएन ने सुरू होतो. फोटो काढून ठेवा, तोच सांगा. दरवर्षी 1 जुलैच्या आत निघणारा पाण्याच्या गुणवत्तेचा अहवालही मागा, मागच्या काही वर्षांचे मिळाले तर उत्तम, म्हणजे 14 हा आकडा वर चाललाय की खाली ते कळेल. आणि फोननंतर दोन ओळींचं ईमेल टाकाच, कोण बोललं, काय म्हणालं, तारीख. नोटीस दिल्याचा दाखला पुरवणाऱ्यांना 10 दिवसांत रेग्युलेटरकडे द्यावा लागतो, तोही बघायला मागा.

रानजाई:
फोटो काढला, एनएन आहे. सोमवारी काय झालं ते इथेच लिहिते.