ट्रॅव्हलरची पन्नाशी कशी साजरी करावी? (मदत हवी आहे)

इथे टेबलटॉप रोलप्लेइंग (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचायचे खेळ) खेळणारे थोडे का होईना, आहेत, म्हणून धागा काढतोय. 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातला खेळ १९७७ साली आला, म्हणजे २०२७ मध्ये त्याला पन्नास वर्षं होतील. आमचा कंपू थोडा पुण्यात, थोडा बंगळुरात, एक जण न्यू जर्सीत. काहीतरी करायचं इथवर एकमत आहे. त्यापुढे गाडी अडलीय.

निम्म्या लोकांना टी-शर्ट आणि केक हवाय. २०२४ मध्ये याच प्रकारच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची पन्नाशी झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटं काढली, लेगोने संच काढला. पण त्या खेळामागे हॅस्ब्रो ही बडी खेळणी कंपनी आहे. ट्रॅव्हलर काढणारी अमेरिकेतल्या इलिनॉयमधली जीडीडब्ल्यू ही कंपनी १९९६ लाच बंद पडली. मग मूळ लेखक मार्क मिलर यांनी तो सांभाळला, आता तो ब्रिटनच्या मॉन्गूज या प्रकाशन कंपनीकडे आहे. आपल्याला कोण तिकिटं काढणार! माझं मत, नियमांच्या मूळ तीन काळ्या पुस्तिका बाहेर काढाव्यात आणि त्याच नियमांनी खेळावं.

अडचण अशी की त्या नियमांत पात्र बनवतानाच मरतं. पात्राची आधीची नोकरी फासे टाकून ठरवायची असते. समजा स्काउटमध्ये (अंतराळातल्या टेहळणी सेवेत) भरती झालात, तर दर चार वर्षांच्या सेवेला दोन फाशांवर मिळून सात किंवा जास्त पडायला हवेत, नाहीतर पात्र मेलं. पात्र दणकट असेल तर दोन गुण वाढवून मिळतात, नसेल तर छत्तीसांतल्या एकवीस शक्यता तुमच्या बाजूने. आम्हा जुन्यांना यातच मजा वाटते: आणखी चार वर्षं राहून कौशल्य कमवायचं की जिवंत बाहेर पडायचं? पण पहिल्यांदाच आलेल्याचं पात्र खेळाआधीच गेलं, तर तो चहा पिऊन घरी जाईल.

दुसरं, तीन शहरांतल्या लोकांना एकत्र कसं खेळवायचं? व्हिडिओ कॉलचा कंटाळा आलाय, वेळाही जुळत नाहीत. कुणी असं काही केलंय का?

प्रतिसाद १
पात्राच्या मरण्याचा प्रश्न सोपा आहे. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत पर्याय दिलाय: फासा चुकला तर पात्र मरत नाही, जखमी होऊन सेवेतून बाहेर पडतं. नव्यांना तो द्या, जुन्यांना मरू द्या.

धागालेखक
पण मग १९७७ चं काय साजरं केलं?

प्रतिसाद २
मरू द्या हो सगळ्यांना! पात्र बनवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सगळ्यांनी एकाच टेबलाभोवती बसून, मोठ्याने बोलत बनवा. कोण कुठल्या फाशाला गेला यावरच अर्धा तास हशा होतो. एकट्याला घरी बनवायला सांगितलंत, तर मात्र नक्की पळेल.

शहरांचं म्हणाल, तर व्हिडिओ कॉल हवाच कशाला? या खेळात बातमी जहाजाच्या वेगानेच पोहोचते आणि एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे मारलेल्या एका उडीला साधारण आठवडा लागतो, मग अंतर एक पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) असो की सहा. तेच वापरा. पहिल्या शनिवारी पुणे खेळेल. तिथे जे घडलं त्याची एका पानाची बातमी करून बंगळूरला द्यायची, ते पुढच्या शनिवारी खेळतील. त्यांची बातमी तिसऱ्या शनिवारी न्यू जर्सीला. मधल्या काळात कुणी कुणाला काही सांगायचं नाही. पुण्याने जहाज चोरलं असेल, तर बंगळूरला ते आठवड्याने कळेल, आणि तोवर जहाज पुढच्या बंदरात असेल.

धागालेखक
हे भारी आहे! रेफ्री (खेळ चालवणारे) मात्र तीन लागतील, आणि आमच्याकडे दीडच आहे. बंगळूरला कुणी बसणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुस्तिका आम्ही देऊ. केकही ठेवतोय, नाहीतर निम्मे येणार नाहीत.