पाच वर्षांचं प्रायव्हेट लॉ स्कूल की आपलं बेळगावचं लॉ कॉलेज? भाचीसाठी विचारालोय, पण माझं मत आधीच सांगतो

खानापूरचा वकील
गेल्या रविवारी बेळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये पुण्याकडच्या एका प्रायव्हेट लॉ स्कूलवाल्यांनी माहितीचा कार्यक्रम ठेवला होता. दाजी आणि भाची जाणार होते, मला वकील म्हणून बरोबर नेलं. भाची बारावी आर्ट्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम, हुशार आहे, बोलायला धीट आहे. कोर्स असे सांगितले, बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, बीकॉम एलएलबी, तिन्ही पाच वर्षांचे आणि तिन्हीच्या पुढं ऑनर्स, डिग्री झालेल्यांना तीन वर्षांचं एलएलबी, आणि त्यानंतर एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर डिग्री, त्यात कॉर्पोरेट, क्रिमिनल, आयपी (बौद्धिक संपदा) असे गट. एसी मूट कोर्ट हॉलचे, म्हणजे पोरांनी खटला चालवायचा सराव करायच्या खोलीचे, फोटो दाखवले, लायब्ररी दाखवली, फी वर्षाला तीन लाखाच्या वर, होस्टेल आणि मेस वेगळं. दाजींचं शेत आहे आणि एक लहान किराणा दुकान, ते तिथंच हिशोब करायला लागले की कुठला तुकडा विकायचा.

मी वीस वर्षं तालुका कोर्टात आणि बेळगावात प्रॅक्टिस करालोय. माझं म्हणणं सरळ आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सगळ्यांना तीच मिळते. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या देशपातळीच्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांनी ठरवलेले सक्तीचे २० कायद्याचे विषय आणि वर ४ प्रॅक्टिकलचे पेपर, म्हणजे ड्राफ्टिंग, वकिलीचं नीतिशास्त्र, तडजोड-लवाद आणि मूट कोर्ट-इंटर्नशिप, हे तीन लाखवाल्या कॉलेजातपण तेच आणि आपल्या कॉलेजातपण तेच. ऑनर्स म्हणजे त्यावर आणखी ८ पेपर, सनदेवर त्याचा काही उल्लेख येत नाही. पुढं ऑल इंडिया बारची परीक्षा सगळ्यांना एकच, १०० प्रश्न, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं टिपा नसलेलं पुस्तक, समोर ठेवून.

आणि आपल्याकडं काय कमी आहे वो? राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून आहे, तेही खाजगी संस्थेचंच, कर्नाटक लॉ सोसायटीचं. तिथं शिकलेले ई. एस. वेंकटरामय्या देशाचे सरन्यायाधीश झाले आणि के. के. वेणुगोपाल २०१७ ते २०२२ ॲटर्नी जनरल होते. केएलईचं बेल्लद लॉ कॉलेजपण आहे. दोन्ही हुबळीच्या राज्य लॉ युनिव्हर्सिटीला जोडलेले, घरातून बसनं जायचं, आणि दुपारनंतर कुणाच्यातरी ऑफिसात बसून दावा कसा लिहितात ते बघायचं. पोरीला पाच वर्षं पुण्याला ठेवलं तर इंग्लिश सुधारेल हे मान्य, पण कन्नड जाईल. आणि इथल्या कोर्टात फिर्याद कन्नडमध्ये, जबाब कन्नडमध्ये, उलटतपास कन्नडमध्ये. मत मांडा, विरोधात असलं तरी चालेल.

अनगोळचा, सध्या बेंगळुरात
वकीलसाहेब, मी विरोधातच आहे. मी असल्याच एका प्रायव्हेट लॉ स्कूलमधून बीबीए एलएलबी केलं, एज्युकेशन लोन काढून, आता एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला आहे. तुम्ही गृहीत धरलंय की पोरगी खानापूरलाच प्रॅक्टिस करणार. का धरलंय? माझं रोजचं काम म्हणजे करार वाचणं, समोरच्या कंपनीच्या वकिलाशी एकेका कलमावर भांडणं, कंपनी विकत घेताना तिची सगळी कागदपत्रं तपासणं. मी सनद घेतली पण कोर्टात उभा राहिलो नाही, आणि मला त्याची खंत नाही. हे काम बेळगावात शिकवणारं कोणी मला भेटलं नसतं. लॉ फर्मवाले कँपसला येतात ते ठरावीक कॉलेजातच येतात, बाकीच्यांनी मेल पाठवत बसायचं. सत्तर वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं सांगून आजच्या पोरीचा प्रश्न सुटत नाही. आणि नियम म्हणतो पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप, आमच्याकडं ती खरोखर करून घेतली, मुंबईत फर्ममध्ये, दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या वकिलाकडं. पुष्कळ ठिकाणी नुसतं सर्टिफिकेट आणून देतात हे तुम्हालापण माहीत आहे.

लोन फेडायला मला सहा वर्षं लागली, हेपण खरं, लपवत नाही.

यळ्ळूरकर
शेत विकून शिकवू नका एवढंच सांगतो. शेत परत मिळत नाही.

निपाणीची ॲडव्होकेट
वकीलदादा, तुमचं अर्ध पटतं आणि अर्ध्यावर मला रागच येतो, स्पष्ट लिहिते. मी बी.कॉम. करून बेळगावातच तीन वर्षांचं एलएलबी केलं. घरात कोणी वकील नाही, वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तुम्ही म्हणता दुपारनंतर कुणाच्यातरी ऑफिसात बसायचं. कुणाच्या? तुमच्या भाचीला मामा आहे. मला एक सीनिअर मिळायला आठ महिने लागले, आणि मिळाल्यावर पहिलं वर्षभर मी तारखा घ्यायची आणि झेरॉक्स काढायची, मुलगी आहे म्हणून फौजदारी फाइलला हात लावू द्यायचे नाहीत. पैसे म्हणाल तर बसच्या पासाइतकेपण नाही. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं पत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि आमच्या बार रूममध्ये त्यावर कोणी बोललेलंपण मी ऐकलं नाही.

आमच्या बॅचला ज्या पोरी माझ्याहून हुशार होत्या त्यातल्या किती कोर्टात टिकल्या ते बोटावर मोजते. लॉ स्कूल तुम्हाला निदान मित्र देतं, सीनिअर बॅचचे नंबर देतं, इंटर्नशिपला कुठं अर्ज करायचा ते सांगणारी माणसं देतं. ते आम्हाला कुणी दिलं नाही. म्हणून ज्याच्या घरी वकील नाही त्यानं पैसे असतील तर जावं असं मी म्हणेन.

पण कन्नडचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझी पहिली उलटतपासणी मी कन्नडमध्ये पाठ करून गेले होते, साक्षीदार गोकाककडचा, त्यानं असला शब्द वापरला की मी गप्पच. जज्जसाहेबांनी समजून घेतलं. त्या रात्री रडले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज कन्नड पेपर वाचायला घेतला.

खानापूरचा वकील
ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काय लिहावं सुचलं नाही. सीनिअर मिळण्याचं मी विसरलो, कारण मला माझ्या चुलत्याचं ऑफिस होतं. हे मान्य करतो आणि मान्य करताना बरं वाटत नाही.

पण एक गोष्ट तुम्हालाच माहीत असणार म्हणून लिहितो. १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात. त्यामुळं खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी इकडची जुनी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, फेरफार मराठीत, आणि त्याच्या मागचे कागद मोडी लिपीत. जमिनीचा दावा आजच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये सुरू होतो आणि पुराव्याला आजोबाचा मराठी कागद येतो. नुसतं कन्नड येणाऱ्या वकिलाला तो वाचून घ्यावा लागतो, नुसतं मराठी-इंग्लिश येणाऱ्याला दावाच चालवता येत नाही. माझ्याकडं दोन पक्षकार असे आले की त्यांच्या आधीच्या वकिलानं मोडीचा कागद कोर्टात दाखलच केला नव्हता, काय लिहिलंय ते कळलं नाही म्हणून. एकाची सात एकराची वाटणी होती वो. असला वकील कुठलं लॉ स्कूल तयार करून देणार आहे? तो इथंच तयार होतो, आणि आपली पोरं सगळी पुणे-बेंगळुरला गेली तर पुढच्या वीस वर्षांत हे कागद वाचणारा कोर्टात कोणी उरणार नाही. ही माझी खरी काळजी आहे, फी दुसऱ्या नंबरला.

अनगोळचा, सध्या बेंगळुरात
काळजी खरी आहे. पण ती भाचीच्या डोक्यावर का? सतरा वर्षांच्या पोरीनं आख्ख्या सीमाभागाचे कागद वाचायचे? माझ्या आजोबांचापण असाच एक कागद घरात पडून आहे, मला वाचता येत नाही, वाईट वाटतं, तरी मी केलेली निवड चुकीची होती असं मला वाटत नाही.

कोल्हापूर रोड
मधला रस्ता कोणी का सांगत नाही, कोल्हापूरला पाठवा की. शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासूनचं आहे आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचपण, म्हणजे मुख्य ठिकाण सोडून बाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरात बसायला लागलं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांचं काम तिथं येणार. ज्युनिअर लागणारच. निपाणीहून तर तासाभराचा रस्ता. महाराष्ट्राच्या कॉलेजला सीईटी द्यावी लागते, ती आत्तापासून तयारी केली तर जमते.

खानापूरचा वकील
हे मला प्रायव्हेट लॉ स्कूलपेक्षा केव्हाही चांगलं वाटतं. फक्त आमच्या डोक्यावर हायकोर्ट आहे ते धारवाडचं, २००८ ला सर्किट बेंच म्हणून आलं आणि २०१३ ला कायम झालं, बेळगावहून दीड तास. इथं राहणार असेल तर ओळखी तिकडं हव्यात.

सरकारी नोकर, हुक्केरी
मी नोकरी करालोय, वय ३४. एलएलबी घरबसल्या किंवा डिस्टन्सनं होतं का? एक एजंट म्हणालेला होतं, पैसे मागालाय.

निपाणीची ॲडव्होकेट
दादा, पैसे देऊ नका. डिस्टन्सनं केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. हजेरी लागते, प्रत्येक विषयाला ७० टक्के. आणि सनदेचं सांगायचं तर सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ ला सांगितलंय की नोंदणीची फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही, एससी-एसटीला १२५. त्याच्या नावाखाली कोणी हजारो मागितले तर विचारा कुठल्या कायद्यानं.

वडगावची आई
माझ्या मुलाला जज्ज व्हायचंय, त्याला कुठं घालावं? तो म्हणतो लॉ स्कूलमधून थेट परीक्षा देतो.

खानापूरचा वकील
वहिनी, थेट आता होत नाही. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की सिव्हिल जज्जच्या परीक्षेला आधी तीन वर्षांची वकिली पाहिजेच. म्हणजे कुठल्याही कॉलेजातून आला तरी तीन वर्षं कोर्टात घासावी लागणार. आणि कर्नाटकच्या परीक्षेत इंग्लिशमधून कन्नड आणि कन्नडमधून इंग्लिश भाषांतराचा पेपर आहे, महाराष्ट्रात मराठी यावं लागतं. आपल्या पोराला दोन्ही भाषा येत असतील तर दोन राज्यांच्या परीक्षा त्याला खुल्या, हे पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या पोराला सहसा जमत नाही. कन्नड सुटू देऊ नका एवढं कराच.

अनगोळचा, सध्या बेंगळुरात
वकीलसाहेब, एक काम करा, म्हणजे भांडण कागदावर येईल. त्या लॉ स्कूलला लेखी विचारा की बार कौन्सिलची मंजुरी कुठल्या कोर्सला, किती तुकड्यांना आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे. मंजुरी कॉलेजला एकदा मिळाली आणि झालं असं नसतं, कोर्सनिहाय असते आणि एका तुकडीत ६० च्या वर मुलं घेता येत नाहीत. मग विचारा गेल्या बॅचमधल्या किती जणांना कुठल्या फर्मनं घेतलं, नावासकट, आणि त्यातल्या मराठी किंवा कन्नड मिडियममधून आलेल्या दोघांचे नंबर द्या म्हणावं. माझ्या कॉलेजानं हे दिलं असतं. जे देत नाहीत तिथं मीपण पाठवणार नाही.

खानापूरचा वकील
परवा फोन केला होता. प्लेसमेंट शंभर टक्के म्हणाले, फर्मची नावं मागितली तर ॲडमिशन झाल्यावर पोर्टलवर दिसतील म्हणाले. मंजुरीचं पत्र मेल करतो म्हणाले, अजून आलं नाही. दाजींना तसंच सांगितलं. जमीन विकायचं तूर्त थांबलंय, पण भाचीचं पुणं डोक्यातून गेलेलं नाही आणि तिला मी गप्प बसवणार नाही. बुधवारी तिला कोर्टात घेऊन जातोय, वाटणीच्या दाव्यात उलटतपास आहे, बघू दे एकदा. ताई, तुम्ही बेळगावला असलात तर तिला भेटा, मी समोर नको, बार रूममध्ये तुम्ही दोघीच बोला. तुम्हाला आलेलं सगळं सांगा तिला, झेरॉक्सचंपण.

निपाणीची ॲडव्होकेट
बुधवारी माझी चिकोडीला तारीख आहे. शुक्रवारी येते, अकरापर्यंत पोचेन. त्या सात एकरवाल्या मोडीच्या कागदाची कॉपी असली तर घेऊन या, मलापण बघायचाय.