मौनाची पाच वर्षे : वाचकांचे अनुभव

अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे आत्मकथन १९६९ साली प्रसिद्ध झाले. सेंट लुईसला आईच्या घरी असताना, वयाच्या आठव्या वर्षी आईच्या मित्राने केलेला अत्याचार, त्यानंतरचा खटला, शिक्षा होऊनही लगेच सुटलेल्या त्या माणसाचा खून, आणि ‘मी नाव घेतले म्हणून तो मेला’ अशा समजुतीने भावाखेरीज इतरांशी बोलणे सोडलेल्या मुलीची जवळजवळ पाच वर्षे त्यात आहेत. ज्यांनी ते वाचले आहे, त्यांनी परीक्षण न लिहिता, वाचताना आपल्या आत काय हलले ते लिहावे. नाव देऊ नये. स्वतःवर बेतलेल्या प्रसंगाचे तपशील लिहिण्याचीही गरज नाही.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका

मी अडखळले ते अत्याचाराच्या पानांवर नाही, तर आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स गावच्या मिसेस फ्लॉवर्स यांच्यापाशी. त्या या मुलीला घरी बोलावतात, सरबत आणि बिस्किटे देतात, पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात आणि पुढच्या वेळी एक कविता म्हणून दाखव, असे सांगून पुस्तके हाती देतात. ‘तू का बोलत नाहीस’ याचा जाब त्या मागत नाहीत. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिसरीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकाएकी गप्प झाली होती. मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘मुलगी घुमी आहे, वर्गात भाग घेत नाही’ असा शेरा लिहिला आणि पालकांची सही आणायला सांगितली. तिच्या घरी काही घडले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. ते ठाऊक करून घ्यावे, असे तेव्हा वाटलेही नाही. सहीसाठी मी प्रगतिपुस्तक ज्या घरी पाठवले, त्या घराविषयी मी काहीच विचारले नव्हते.

नाशिकहून, वय ४४

कोर्टात तिला विचारतात, या माणसाने याआधी कधी स्पर्श केला होता का, आणि ती ‘नाही’ म्हणते. खरे उत्तर दिले तर घरचे आपल्यालाच दोषी धरतील, ही तिची भीती. ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि आठवडाभर हात लावला नाही. आमच्याकडे तो माणूस नात्यातला होता, येताना माझ्यासाठी कंपासपेटी, रंगपेटी असे काही आणायचा, आणि मी त्याची वाट पाहत असे. या वाट पाहण्यामुळेच मी आईला अर्धेच सांगितले. ज्याच्यापासून इजा होते त्याच्याच मायेची मुलाला ओढ असू शकते, आणि त्यामुळे मूल भागीदार ठरत नाही, हे मला समुपदेशकाने सांगून पटले नव्हते; आठ वर्षांच्या मुलीच्या त्या ‘नाही’ने पटले. आईला उरलेले अर्धे मी अजून सांगितलेले नाही. तिचे वय आता ७६ आहे.

वकील, जिल्हा न्यायालय

वरच्या प्रसंगाकडे मी धंद्याच्या नजरेने पाहिले आणि ओशाळलो. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३३नुसार वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे, आक्रमक प्रश्नांना परवानगी द्यायची नाही, अशी तरतूद आहे. कलम ३६नुसार साक्षीच्या वेळी आरोपी मुलासमोर येऊ नये. ही कलमे मला तोंडपाठ होती. पण सभ्य आवाजात विचारलेला साधा प्रश्नही मुलाला खोटे बोलायला भाग पाडू शकतो, हे त्या पानापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आता साक्षीतली विसंगती दिसली की ती मोडून काढण्याआधी मी थांबतो. अशिलांना हे नेहमी आवडत नाही.

दोन मुलींचा बाप

अर्ध्यावर सोडले. पुन्हा घेईन असे वाटत नाही.

पुण्याहून

इथे एक तक्रार नोंदवते. मला हे पुस्तक वाढदिवसाला भेट मिळाले, ‘तुला याची गरज आहे’ अशा चिठ्ठीसह. देणारीला माझी गोष्ट माहीत होती, हेतूही चांगला होता. पण मला न विचारता तिने माझ्या हाती दुसऱ्या मुलीची जखम ठेवली. पुस्तक थोर आहे, हे मी तीन वर्षांनी, स्वतःच्या इच्छेने वाचल्यावर मान्य केले. मिसेस फ्लॉवर्सनीही त्या मुलीच्या हाती दिल्या त्या कविता आणि कादंबऱ्या.