शब्दचर्चा: कातडं, चामडं आणि 'जेन्युइन लेदर'

करवंद:
आईची पाठ धरते म्हणून तिच्यासाठी चामड्याची आरामखुर्ची घ्यायचीय. काल दुकानात गेले. एका खुर्चीवर पाटी 'जेन्युइन लेदर', दुसरीवर 'टॉप ग्रेन', तिसरीवर 'बॉन्डेड', कोपऱ्यातल्या एकीवर 'लेदर मॅच'. आईनं विचारलं, "अहो, पण हे कातडं आहे की रेक्झिन?" विक्रेता म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड आहे." तर प्रश्न दोन. कातडं आणि चामडं यांत नेमका फरक काय? आणि या पाट्या साध्या मराठीत कशा वाचायच्या?

उतरलेला तबला:
पहिलं सोपं आहे. जनावराच्या अंगावरून निघतं ते कातडं, कमावलं की चामडं. तबल्याच्या पुडीला बकऱ्याचं न कमावलेलं कातडं असतं. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि स्वर उतरतो, आमचा रोजचा वैताग.

ओसरी:
एवढं सरळ नाही हो. 'कच्चं चामडं' सर्रास म्हणतात. उलट 'अंगाच्या कातड्याचे जोडे' आपण न कमावताच घालतो! मूळ बघितलं तर चामडं आलं 'चर्म'वरून आणि कातडं 'कृत्ति'वरून. शंकराचं कृत्तिवास हे नाव त्यातलंच. सापाची कात याच कुळातली. विड्यातला कात मात्र वेगळा. 'ती' कात सापाची, 'तो' कात खैराचा. गंमत अशी की खैराच्या काताने चामडं कमावताही येतं.

तरी तबलेबुवांचा भेद व्यवहारात ठेवण्याजोगा आहे. माणसाच्या बाबतीत तो नाहीच. गेंड्याची कातडीही न कमावता मिळते, काहींना जन्मतःच.

पंचगंगाकाठ:
'कमावणे' या क्रियापदावर कुणी थांबलंच नाही. पैसा कमावतात, शरीर कमावतात, चामडंही कमावतात. तिन्हीत वेळ आणि राबणं आहे. 'टॅनिंग'मध्ये यातलं काही ऐकू येत नाही.

कोल्हापुरी चपलेचं चामडं जुन्या रीतीनं कमावताना पाहिलंय. चुन्यात घालून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, आत बाभळीची साल आणि हिरडा भरून पाणी ओततात आणि पिशवी टांगून ठेवतात. पाणी थेंब थेंब झिरपतं, ते खाली धरून पुन्हा वरून ओततात. बरेच दिवस हेच. वास डोक्यात बसतो. हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजानं केलं. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा चपलेचं कौतुक झालं, कमावणाऱ्यांचं फारसं नाही.

खुर्चीचं चामडं बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावतात. ते लवकर होतं आणि मऊ राहतं.

टाचणी:
पाट्यांकडे येते. सोफे शिवण्यात पंधरा वर्षं गेली आहेत.

जनावराचं कातडं जाड असतं, ते आडवं चिरून थर करतात. वरचा थर न घासता ठेवला तर फुल ग्रेन. त्यावर रंध्रं, काट्याचे ओरखडे, गोचिडीच्या खुणा दिसतात आणि गिऱ्हाईक त्यालाच 'डाग' म्हणून नाक मुरडतं! तोच थर घासून, रंग चढवून एकसारखा केला की टॉप ग्रेन. खालचा थर म्हणजे स्प्लिट. 'बॉन्डेड'ला मी सरळ लगदा म्हणते: चामड्याचा चुरा चिकटद्रव्यात कालवून कापडावर थापलेला. 'लेदर मॅच'मधला मॅच हा मॅचिंग सेंटरमधला. बसायच्या जागी चामडं, बाजूंना आणि पाठीमागे त्याच रंगाचं रेक्झिन.

आणि 'जेन्युइन' म्हणजे फक्त 'खरं'. डब्यावर 'शुद्ध तूप' लिहिलं म्हणून ते ताजं की खवट हे कळत नाही, तसंच. खालचा थरही खराच असतो.

ओसरी:
अवांतर: रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या कापडाचं व्यापारी नाव. डालडासारखं ते आपल्याकडे जातिवाचक झालं.

मुंबईकर दमट:
'पीयू लेदर'लाही, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेल्या नकली चामड्यालाही, एक मराठी शब्द द्या, मी 'पोपडे' सुचवतो. ऑफिसची खुर्ची घरी आणली, दोन पावसाळ्यांत भिंतीसारखे पोपडे. काळे तुकडे पँटला, चादरीला, एकदा वरणात. दुकानदार म्हणाला, तुम्ही जास्त बसता. खरं कारण दमट हवा. तिच्यानं पॉलियुरेथेन आपोआप विघटित होतं, बसा वा नका बसू. खऱ्या चामड्यावर बुरशी येते, पण ती पुसता तरी येते.

करवंद:
आज पुन्हा गेलो. आईनं कुणाचं न ऐकता गादीची चेन उघडली आणि आवरणाची उलटी बाजू बघितली. 'जेन्युइन'वाल्या खुर्चीत तंतू दिसले, 'बॉन्डेड'मध्ये सरळ विणलेलं कापड.

टाचणी:
शाबास आई! पण तंतू दिसले म्हणजे वरचाच थर असं नाही. स्प्लिटवर प्लास्टिकचा मुलामा देऊनही विकतात. कुठला थर ते बिलावर लिहून मागा.

करवंद:
मागते. मग स्प्लिटला मराठीत काय लिहायला सांगू? आई 'अस्तर' म्हणतेय.

टाचणी:
अस्तर नको, ते आम्ही वेगळं लावतो. 'तळथर'?

उतरलेला तबला:
'तळथर' चालेल. कारागीर काय म्हणतात ते पंचगंगाकाठ यांनी विचारून सांगावं.